जयपूरला येणाऱ्यांसाठी सूचना

दिवाळीच्या महिनाभर आधीपासून माझा फोन वाजायला लागतो. "अगं, आम्ही डिसेंबरात येतोय. तीन दिवस पुरतील ना? थंडी किती असते? जेवणाचं कसं तिकडे?" सोलापूरची आत्तेबहीण, बदलापूरचे चुलत सासरे, कॉलेजातल्या मैत्रिणीची नणंद. मला जयपुरात येऊन सोळा वर्षं झाली. तीच ती उत्तरं देऊन कंटाळले तेव्हा एक टिपण करून ठेवलं आणि मागेल त्याला पाठवायला लागले. सुरुवातीला दोन पानांचं होतं, आता सात पानांचं झालंय. मी अनुवाद करून पोट भरते. पण माझ्या नावावरच्या पुस्तकांपेक्षा हे टिपण जास्त जणांनी वाचलं असेल, आणि नक्कीच जास्त लक्ष देऊन वाचलं असेल.

टिपणाची सुरुवात अगदी साधी आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात या. मे महिन्यात स्वस्त मिळतंय म्हणून येऊ नका. इथल्या 'लू'ला, त्या भाजून काढणाऱ्या वाऱ्याला, आपल्या मराठीत शब्द नाही, यावरून काय ते समजा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा सात-आठ अंशांवर येतो आणि दुपारी छान ऊन पडतं, म्हणून एक जाड स्वेटर आणण्यापेक्षा दोन पातळ आणा. मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी निघणारी गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी जयपूरला पोचवते. दिल्लीकडून येणार असाल तर धुक्यामुळे गाडीला उशीर होणार हे धरूनच पुढचं ठरवा.

जुन्या शहरात गाडी आणू नका. मानसरोवरपासून बडी चौपडपर्यंत मेट्रो आहे. बडी चौपडला जमिनीतून वर आलात की हवामहल हाकेच्या अंतरावर. हवामहल सकाळी बघा, त्याचं तोंड पूर्वेला आहे. दुपारनंतर तो स्वतःच्याच सावलीत जातो आणि मग लोक म्हणतात, फोटोत दिसतो तसा नाही. आत जायचा रस्ता मागच्या बाजूने आहे. समोर उभं राहून दार शोधू नका. आमेर, हवामहल, जंतरमंतर, अल्बर्ट हॉल, नाहरगढ यांचं मिळून एकच तिकीट निघतं, ते घ्या. सिटी पॅलेस आणि जयगढ त्यात येत नाहीत, तिथे वेगळं तिकीट. आमेरला हत्तीवर बसू नका. चढ फार नाही, पायी जा, गुडघे दुखत असतील तर जीपने जा. खरेदी रविवारवर ठेवू नका, जुन्या शहरातली बरीचशी दुकानं त्या दिवशी बंद असतात. लाखेच्या बांगड्यांसाठी मनिहारोंका रास्ता, मोजड्यांसाठी बापू बाजार, पुस्तकांसाठी चौडा रास्ता.

खाण्याबद्दल एक पूर्ण पान आहे. बाटी हाताने कुस्करायची, वरून तूप, मग डाळ. चुरमा शेवटी खायचा असा नियम नाही, मधेमधे खा. प्याज कचोरी एक पुरते, दुसरी मागवण्याआधी दहा मिनिटं थांबा. घेवर श्रावणातला खरा, पण बारा महिने मिळतो. भात मागितलात तर मिळेल, मात्र तुम्ही आजारी आहात का अशी चौकशीही होईल.

आणि मग भाषेचं पान. ते मी हौसेने लिहिलंय आणि तेच सगळ्यात उपयोगी पडतं असं लोक सांगतात. आपल्याला वाटतं, हिंदी तर येते. शब्द तेच असतात, माणसं वेगळी निघतात. बांगड्या विकणाऱ्या तिशीतल्या बाईला तुम्ही मायेने 'ताई' म्हणालात तर ती दचकते, कारण इकडे ताई म्हणजे ताऊची बायको, वडिलांच्या थोरल्या भावाची. तिला 'दीदी' म्हणा. रिक्षावाल्याला 'दादा' म्हणालात तर त्याला आजोबा केलंत. 'भैया' म्हणा, 'भाईसाहब' म्हणा. उलट तुमच्या मुलीला कुणी 'बाईसा' म्हणालं तर कपाळाला आठ्या घालू नका, तो लाडाचा आणि मानाचा शब्द आहे. 'ऊन' म्हणजे इकडे लोकर. माझी आत्तेबहीण हॉटेलच्या माणसाला म्हणाली, "सुबह ऊन कहाँ मिलेगा?" त्याने तिला प्रामाणिकपणे लोकरीच्या दुकानाचा पत्ता दिला.

जंतरमंतरसाठी वेगळा मजकूर आहे, कारण तिथे लोक दहा मिनिटं फिरतात आणि कंटाळून बाहेर येतात. तिथे ऊन असतानाच जायचं, ढगाळ दिवशी ती नुसती बांधकामं असतात. सम्राट यंत्र सुमारे सत्तावीस मीटर उंच आहे. त्याच्या भिंतीची सावली मिनिटाला सुमारे सहा सेंटिमीटर सरकते, म्हणजे उभं राहिलात तर ती चालताना दिसते. तिथली वेळ आणि तुमच्या घड्याळातली वेळ जुळणार नाही. यंत्र जयपूरच्या सूर्याची वेळ दाखवतं आणि घड्याळ देशाची; दोन्हींत वर्षभरात दहा ते एक्केचाळीस मिनिटांचा फरक पडत राहतो. दोन्ही बरोबर असतात.

इथेच मी जगन्नाथ सम्राटांबद्दल चार ओळी घातल्या आहेत. सवाई जयसिंहांच्या दरबारातले हे पंडित. युक्लिडची भूमिती त्यांनी नसिरुद्दीन तुसीच्या अरबी ग्रंथावरून संस्कृतात आणली, तिचं नाव 'रेखागणित'. टॉलेमीचं 'अल्माजेस्ट' 'सम्राट सिद्धांत' म्हणून आणलं. त्यासाठी ते अरबी आणि फारसी शिकले. ते मूळचे महाराष्ट्रातले, असं परंपरा सांगते. तीनशे वर्षांपूर्वी या गावात आपल्याकडचा एक माणूस येऊन अनुवाद करत बसला होता, हे मला फार आवडतं, आणि पाहुण्यांनाही आवडतं. आपला माणूस सापडला की गाव निम्मं आपलं होतं.

सात पानांमध्ये एवढं सगळं होतं. एक गोष्ट नव्हती. ती मला दहा वर्षांपासून ठाऊक होती आणि मी ती मुद्दाम लिहिली नव्हती.

गेल्या जानेवारीत साताऱ्याचे मामा आले, मामी आणि त्यांचे शेजारी असे आठ जण. संक्रांतीचे पतंग बघायचे होते. मामा चौतीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. टिपण त्यांनी छापून आणलं होतं, लाल पेनाने दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलेलं. आमेरला त्यांना नुसतं बघत राहावंसं वाटत होतं. मिर्झाराजे जयसिंह इथून निघाले आणि पुरंदरला आले, १६६५ चा तह, तेवीस किल्ले. हे त्यांनी शेजाऱ्यांना आमेरच्या चौकात उभं राहून वर्गात शिकवावं तसं सांगितलं. मी त्यात भर घातली की, महाराज आग्र्याला गेले तेव्हा प्रत्यक्ष पाहिल्यासारखी सर्वांत जवळची हकिकत आमेरच्याच माणसांच्या पत्रांत आहे. मिर्झाराजांचा मुलगा रामसिंह आग्र्यात होता, त्याच्याकडच्या लोकांनी इकडच्या बोलीत लिहून पाठवलेली ती पत्रं जयपूरच्या दप्तरात सापडली. महाराज अंगाने बारीक, वर्णाने गोरे, पण कोण आहेत हे न सांगताही राजा वाटतील असे, अशा अर्थाचं वर्णन त्यांत आहे. मामांचे डोळे भरून आले. "म्हणजे त्यांना कळलं होतं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्रिपोलिया बाजारामागच्या ईसरलाटला गेलो. तिला सरगासूलीही म्हणतात. सात मजली, उंच, पिवळसर मनोरा. आतून गोल गोल फिरत वाट वर जाते आणि वरून जयसिंहांनी आखलेलं सगळं चौकटीचं शहर दिसतं. शेजाऱ्यांनी खालीच एक स्थानिक गाईड ठरवला होता, पन्नाशीचा, सौम्य माणूस. त्याने सांगायला सुरुवात केली. सवाई जयसिंह १७४३ मध्ये गेले. गादीवर थोरला ईश्वरीसिंह बसला. धाकटा माधोसिंह उदयपूरच्या राजकन्येचा मुलगा, त्याचाही हक्क. १७४७ मध्ये राजमहलच्या लढाईत ईश्वरीसिंह जिंकला, त्या विजयाचा हा मनोरा. "फिर मरहठे आए," गाईड म्हणाला.

मामा हिंदी चांगली समजतात. मामींना ऐकू कमी येतं आणि हिंदी त्याहून कमी कळते. त्या माझ्या दंडाला धरून उभ्या होत्या.

गाईडने सगळं सांगितलं. होळकरांनी पैसा घेऊन माधोसिंहाची बाजू घेतली. बगरूला ईश्वरीसिंह हरला, खंडणी कबूल केली, ती देता येईना. १७५० च्या डिसेंबरात होळकरांची फौज जयपूरकडे निघाली, तेव्हा राजाने विष घेतलं, नाग मागवून स्वतःला दंश करून घेतला. राण्याही गेल्या. तो तिशीच्या आतबाहेर होता. "हमारे यहाँ कहते हैं, राजा को मरहठों ने नहीं मारा, उनकी उगाही ने मारा।"

"काय म्हणतोय गं?" मामींनी विचारलं.

"गादीवरून भावाभावांत भांडण झालं, राजाने जीव दिला," मी म्हणाले.

खोटं नव्हतं. वाक्यातली एक बाजू गाळली, इतकंच. माझ्या धंद्यात याला काय म्हणतात हे मला माहीत आहे.

मामा लाल झाले. "आणि अब्दालीला कोणी अडवलं? तुमच्या राजांनी?" त्यांनी मराठीतच विचारलं, मग हिंदीत. गाईड आवाज न चढवता म्हणाला, "बाबूजी, मैं तो वही बता रहा हूँ जो मेरे दादाजी बताते थे।" मी मधे पडले, पतंगाच्या बाजाराला उशीर होतोय म्हणाले, सगळ्यांना खाली उतरवलं. गाईडला ठरल्यापेक्षा पन्नास रुपये जास्त दिले. ते कशाचे होते, मला सांगता आलं नसतं.

रात्री मामी झोपल्यावर मामा स्वयंपाकघरात आले. मी दुसऱ्या दिवशीसाठी तीळ भाजत होते.

"तू गाळलंस," ते म्हणाले.

"मामींना कशाला उगाच? सहलीला आल्यात."

"अनुवादकाने गाळायचं नसतं, अवघड असेल तिथे तर नाहीच नाही, असं तूच त्या पुण्याच्या व्याख्यानात म्हणाली होतीस. मी पहिल्या रांगेत होतो."

मी तीळ हलवत राहिले. मग त्यांना बाकीचं सांगितलं, जे गाईडने सांगायचं राहून गेलं होतं. ईश्वरीसिंह गेल्यावर माधोसिंह गादीवर आला. मराठ्यांच्या फौजा शहराबाहेर होत्या, शिंद्यांचीही येऊन मिळाली होती, मागण्या वाढत होत्या. १० जानेवारी १७५१ ला छावणीतले काही हजार लोक शहर बघायला आत गेले. जयपूर तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांचं होतं. असे सरळ रस्ते, अशी देवळं, असे बाजार त्यांनी कुठे पाहिले नव्हते. ते देवदर्शन करत होते, खरेदी करत होते. दुपारी कुठेतरी ठिणगी पडली, वेशी बंद झाल्या आणि शहरातले लोक त्यांच्यावर तुटून पडले. मध्यरात्रीपर्यंत ते चाललं. मेलेल्यांचा आकडा हजारांत होता. पेशवे दप्तरातल्या पत्रांत ही हकिकत आहे. जदुनाथ सरकारांनी 'फॉल ऑफ द मुघल एम्पायर'च्या पहिल्या खंडात ती मांडली आहे.

मामा बराच वेळ गप्प होते. "मी शिकवायचो," ते म्हणाले, "मराठ्यांनी माधोसिंहाला गादीवर बसवलं. उत्तरेतला प्रभाव, तीन गुणांची टीप. पुढची ओळ पुस्तकात नव्हती आणि मी शोधलीही नाही." मग थोड्या वेळाने, "शहर बघायला गेले होते म्हणतेस? फिरायला?"

"हो. पर्यटकच."

"आणि त्यांच्यातल्या कितीजणांना खंडणीचा आकडा माहीत असेल?"

याचं उत्तर त्यांना नको होतं.

त्या रात्री मी टिपण उघडून बसले. दहा वर्षं ही गोष्ट मी का वगळली, हे स्वतःला विचारणं भाग होतं. पाहुण्यांची सहल बिघडू नये, हे अर्धंच कारण. मी इथे भाड्याच्या घरात राहते, भाजीवाल्यापासून बँकेपर्यंत सगळ्यांना माझ्या हिंदीवरून मी कुठली ते कळतं. माझ्या माणसांना हे गाव आवडावं आणि या गावाला माझी माणसं आवडावीत, असं मला वाटतं. दोघांच्या मधे उभं राहणाऱ्याला दोन्हीकडचं कडू पुसून टाकायचा मोह होतो. म्हणून जगन्नाथ सम्राट आत आले आणि ईश्वरीसिंह बाहेर राहिला. माझं टिपण चुकीचं नव्हतं, पण ते वाचून येणाऱ्या माणसाला वाटत असणार की आपण इथे पहिल्यांदाच येतोय.

आपण पहिल्यांदा येत नाही. आपण जाऊ तिथे आपलं नाव बऱ्याचदा आपल्याआधी पोचलेलं असतं. बंगालात 'बर्गी' येतील म्हणून पोरांना झोपवत, ते बर्गी म्हणजे आपलेच नागपूरकर भोसल्यांचे स्वार. आपण तिकडे गेल्यावर रसगुल्ल्याची चौकशी करतो. शिवाजी महाराज इथल्या लोकांनाही आदराचे आहेत, पुतळ्यासमोर हात जोडणारे मी पाहिले आहेत. आणि त्याच माणसाच्या आजोबांच्या गोष्टीत 'मरहठे' म्हणजे वसुलीला आलेले लोक असतात. त्याला यात विसंगती वाटत नाही. जंतरमंतरची वेळ आणि घड्याळाची वेळ, तसं काहीसं. फरक किती, हे माहीत असलं म्हणजे झालं.

सकाळी मामा आंघोळ करून तयार बसले होते. "त्या राजाची समाधी कुठे आहे?"

जयपूरच्या राजांच्या छत्र्या गैटोरला आहेत, संगमरवरी, सुरेख. त्या टिपणात होत्या. ईश्वरीसिंहाची मात्र तिथे नाही. त्याचं दहन राजवाड्याच्या हद्दीतच झालं आणि छत्री तिथेच, जयनिवास बागेच्या बाजूला तालकटोऱ्याजवळ आहे. आम्ही आधी गोविंददेवजींच्या आरतीला गेलो, सगळे आठ जण. तिथून मामा, मामी आणि मी छत्रीकडे चालत गेलो.

वाटेत मी मामींना सगळं सांगितलं, दंड धरून, कानाशी, सावकाश. काल काय गाळलं तेही. त्या थांबल्या. "विष घेतलं? आपल्यामुळे?" मग म्हणाल्या, "आणि आपली पोरं बाजारात आली होती ती?" मी मान हलवली. त्यांनी पिशवीतून तिळाच्या दोन वड्या काढल्या, संक्रांतीसाठी साताऱ्याहून आणलेल्या, आणि तिथल्या ओट्यावर ठेवल्या. एक कुणासाठी आणि दुसरी कुणासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही. मामा चपला काढून उभे होते. त्यांनी हात जोडले नाहीत. माफी वगैरे मागण्यातलेही ते नव्हेत. अब्दालीचा त्यांचा प्रश्न आजही कायम आहे आणि तो प्रश्न खोटाही नाही. ते नुसते उभे राहिले, वर्गात हजेरी घेताना उभे राहत असतील तसे.

संध्याकाळी गच्चीवरून पतंग पाहिले. (मांजाचं टिपणात आहे: १४ जानेवारीच्या आसपास दुचाकी चालवू नका, चालवलीत तर गळ्याला मफलर गुंडाळा.) शेजारच्या गच्चीवरच्या मुलाने मामांच्या हातात चक्री दिली. "वो काटा!" ओरडायचं असतं हे त्यांना दोन मिनिटांत कळलं.

आता टिपण आठ पानांचं आहे. नव्या पानावर फार काही लिहिलेलं नाही. ईसरलाटला संध्याकाळी जा, उजेड चांगला असतो. गाईड घ्या आणि त्याला पूर्ण बोलू द्या. तो मराठ्यांबद्दल बोलेल. रागावू नका आणि लाजूही नका. प्रश्न विचारा, त्यालाही विचारू द्या. खाली दोन तारखा दिल्या आहेत, तालकटोऱ्याची वाट दिली आहे आणि १० जानेवारीची हकिकत सात ओळींत लिहिली आहे. बरोबर वयस्कर माणूस असेल आणि त्याने "काय म्हणतोय?" असं विचारलं, तर जसं आहे तसं सांगा.

मी ते पान मामांना पाठवलं. दोन दिवसांनी परत आलं, फोटो काढून. लाल पेनाने एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारला होता. खाली लिहिलं होतं: पान शेवटी नको, हवामहलच्या आधी घाल.

अजून हलवलेलं नाही. पण या दिवाळीला पहिला फोन येईल त्याच्या आत ठरवावं लागेल.